पावणेदोन तास

बीरगांवच्या आमच्या गच्चीवर रोज सकाळी काळी धूळ साचलेली असते. उरला, सिलतरा इथल्या कारखान्यांची. त्यांतल्याच एका रोलिंग मिलमध्ये मी २२ वर्षं नोकरी करतोय. आई-बाबा आणि दादा डोंबिवलीला.

सुरुवातीला हावडा-मुंबई मेलनं जायचो. रायपूर ते मुंबई रेल्वेनं साधारण ११४० किलोमीटर, वीसेक तास. दुर्ग, गोंदिया, नागपूर, भुसावळ आणि पहाटे कल्याण. आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागे, त्यामुळे गणपती आणि मे महिना या तारखा पक्क्या असत. त्या मी कधी चुकवल्या नाहीत.

मग विमानाची सवय झाली. सरळ रेषेत सुमारे ९५० किलोमीटर, पावणेदोन तास. मी बाबांना फोनवर म्हणालो, "आता लांब असं काही राहिलंच नाही बाबा. मनात आलं की निघेन."

ते म्हणाले, "ये रे, केव्हाही ये."

केव्हाही यायचं म्हटल्यावर आज कशाला, असं होऊ लागलं. एकदा गणपतीत तिकीट महाग, एकदा मे महिन्यात मिलमध्ये काम जास्त. बाबांना दम लागू लागला तेव्हाही दादाला मी हेच सांगितलं, "बोलव, पावणेदोन तासांत येतो."

डिसेंबरात पहाटे साडेपाचला दादाचा फोन आला. बाबा गेले होते. "सूर्यास्ताच्या आत न्यायचं म्हणतायत सगळे. तोवर थांबतो. ये तू."

सकाळचं विमान भरलेलं होतं, दीडचं मिळालं. बीरगांव शहराच्या उत्तरेला, माना विमानतळ दुसऱ्या टोकाला, तासभर तिथवर. मग रांग, तपासणी, वाट पाहणं. मुंबईत उतरलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. पुढे टॅक्सी आणि गर्दी. डोंबिवलीत पोचायला सव्वापाच. पावणेदोन तासांच्या प्रवासाला पहाटेपासून जवळजवळ बारा तास लागले.

स्मशानात गेलो तेव्हा पावणेसहा झाले होते आणि ऊन अजून भिंतीवर होतं. बायकोचा फोन आला, "पोचलात ना? इथे केव्हाच दिवा लावला." तेव्हा लक्षात आलं. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं. रायपूर त्याच्या जवळ, मुंबई पश्चिमेला पुष्कळ लांब. घड्याळ एकच, पण डिसेंबरात मुंबईचा सूर्य आमच्यापेक्षा जवळपास चाळीस मिनिटं उशिरा मावळतो. बीरगांवच्या सूर्यावर बाबा थांबले असते, तर मला दिसले नसते.

ती चाळीस मिनिटं मला फुकट मिळाली. त्याआधीची दोन वर्षं मात्र मीच घालवली होती. वीस तास लागत तेव्हा मी जात होतो. पावणेदोन तास झाले आणि जायचा राहिलो.

तेराव्यानंतर निघताना आईनं विचारलं, "आता कधी?" सवयीनं "केव्हाही" तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि तिथेच बसून मेलचं तिकीट काढलं. तारीख आईला सांगितली. तिनं उठून ती भिंतीवरच्या कालनिर्णयात पेननं लिहून ठेवली.