हा रुग्ण कोणाचा?

बहुतेक घरांत सुरुवात अक्षरापासून होते. नववी-दहावीतल्या मुलाचं वळणदार अक्षर बारीक आणि वेडंवाकडं व्हायला लागतं, पेपर पुरा होत नाही. शाळेतून निरोप येतो की मुलाचं अभ्यासात लक्ष नाही. घरी रागावणं होतं, मोबाईल काढून घेतला जातो. मग बोलणं जड होतं, जेवताना हातातला चमचा थरथरतो, तोंडाच्या कडेनं लाळ येते. एखादा मुलगा कारण नसताना हसतो, एखादी मुलगी रात्र रात्र जागी राहते, घरच्यांवर धावून जाते. आईच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलेलं असतं, पण ‘वयच तसं आहे’ या वाक्यापुढे तिचं काही चालत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी याच मुलाला कावीळ झाली होती आणि ती उतरलीही होती. त्या काविळीचा आणि या थरथरीचा काही संबंध असेल, असं घरात कोणाच्या मनातही येत नाही.

आजाराचं नाव विल्सन. शरीराला तांबं लागतं, पण अगदी थोडं. रोजच्या जेवणातून येणारं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम करणारं प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होतं त्यातच दोष असला, की तांबं आधी यकृतात साठतं आणि तिथे मावेनासं झालं की रक्तातून मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडांत जाऊन बसतं. तेराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक, एटीपी७बी, १९९३मध्ये सापडलं. साधारण ३०,००० माणसांत एकाला हा आजार होतो असं मानतात. मेंदूच्या आनुवंशिक आजारांत ज्यांवर खरोखर गुण येणारं औषध आहे असे फार थोडे, आणि विल्सन त्यांतला एक आहे. त्यामुळे योग्य डॉक्टरपर्यंत पोचायला जितका उशीर होतो, तितकं वाचवता येण्यासारखं काहीतरी हातचं जातं. हीच गोष्ट मनाला सर्वांत जास्त लागते.

बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी २००४मध्ये या उशिराचा हिशेब मांडला. आपल्याकडच्या ३०७ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या १९२ जणांचं आधी कुठेतरी चुकीचं निदान झालेलं निघालं. पहिल्या लक्षणापासून खऱ्या निदानापर्यंत सरासरी २ वर्षं गेली होती, आणि एका रुग्णाच्या बाबतीत तर ३०. आधी दिलेली नावं वाचली तर एका आजाराची किती रूपं असू शकतात ते कळतं: स्किझोफ्रेनिया, लहान मुलांचा सांधेवात, मूत्रपिंडाचा नेफ्रॉटिक सिंड्रोम, स्नायूंचा जन्मजात आजार. मनोविकारतज्ज्ञाला मन दिसलं, सांध्यांच्या डॉक्टरांना सांधे दिसले, आणि आपापल्या चौकटीत त्यांना दिसलं ते खोटंही नव्हतं. मुलगा भ्रमिष्टासारखा वागत होता, गुडघे दुखत होते, लघवीतून प्रथिनं जात होती. या सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण असेल, हे पाहायचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

लोक म्हणतात, ‘न्यूरोकडे दाखवा’. सल्ला बरोबर असतो, पण तिथे पोचेपर्यंतची वाट लांब असते. तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवायचं, जिल्ह्यानं पुण्या-मुंबईला. मधेच कोणी नातेवाईक ‘बाहेरचं बघून घ्या’ म्हणतो आणि त्यातही काही महिने जातात. घरच्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. चार डॉक्टरांनी चार वेगळी नावं सांगितल्यावर पाचवं उत्तर कुठेही शोधावंसं वाटतं. प्रत्येक ठिकाणी फाईल जाड होते, पण पुढचा डॉक्टर बहुधा आधीचे कागद बाजूला ठेवून पहिल्यापासून विचारतो.

ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो ते सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर विल्सन लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात काम करत. १९१२मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात दोनशेहून अधिक पानांचा प्रबंध छापला. त्यात स्वतः पाहिलेल्या चार रुग्णांखेरीज इतरांनी पूर्वी नोंदवलेलेही काही होते. त्यांचं मोठेपण एका निरीक्षणात आहे. या तरुण रुग्णांच्या मेंदूतले काही ठराविक भाग झिजलेले होते, आणि शवविच्छेदनात त्यांचं यकृतही गाठीगाठींचं, घट्ट झालेलं निघालं. जिवंतपणी यकृतानं फारशी तक्रार केलेली नव्हती. मेंदूच्या डॉक्टरनं पोटातल्या या अवयवाकडे तितक्याच गांभीर्यानं पाहिलं, म्हणून एक नवा आजार जगाला कळला.

पण त्यांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटली. या रुग्णांच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट वलय असतं. जर्मनीत बर्नहार्ड कायझर या नेत्रतज्ज्ञांनी ते १९०२मध्ये एका रुग्णात पाहिलं होतं, आणि त्या रुग्णाला मल्टिपल स्क्लेरोसिस असावा असा तेव्हाचा समज होता. पुढच्याच वर्षी ब्रुनो फ्लायशर यांनी आणखी रुग्ण नोंदवले. विल्सन यांच्या एवढ्या सविस्तर प्रबंधात मात्र या वलयाचा उल्लेख नाही. डोळ्यांचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर एकाच आजाराच्या दोन बाजू पाहत होते, तेही एकाच दशकात. ते वलय तांब्याचं आहे, ही पक्की समजूत तर पुढे अनेक वर्षांनी आली.

आज हेच वलय निदानाचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. मेंदूची लक्षणं सुरू झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत ते सापडतं. नुसत्या टॉर्चनं ते सुटू शकतं, आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत तर अधिकच. त्यासाठी स्लिट लॅम्प लागतो, आणि मोतीबिंदू तपासणाऱ्या तालुक्याच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे तो रोज वापरात असतो. म्हणजे ज्या कुटुंबाला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नंबर लावायला महिना लागणार आहे, त्याच्या गावापासून तासाभरावर बहुधा हे यंत्र असतं. कोणीतरी चिठ्ठीवर ‘केएफ रिंग (कायझर-फ्लायशर वलय) पाहा’ एवढं लिहायला हवं. ती चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर कोणत्या विषयाचा आहे याला फार महत्त्व नाही. तो बालरोगतज्ज्ञ असेल, गावचा फॅमिली डॉक्टर असेल, किंवा एमआरआयमध्ये मध्यमेंदूच्या जागी पांडाच्या चेहऱ्यासारखी आकृती दिसली म्हणून फोन करणारा रेडिऑलॉजिस्ट असेल. वलय दिसलं नाही तरी रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं मोजता येतं. एकच चाचणी नॉर्मल आली म्हणून संशय सोडून देणं मात्र धोक्याचं, कारण काही रुग्णांत सेरुलोप्लाझ्मिन चक्क नॉर्मल असतं.

डोळ्यांकडे नीट पाहण्यावरून मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आठवतात. जे. जे. रुग्णालयात आणि नंतर जसलोकमध्ये त्यांनी न्यूरॉलॉजीच्या पिढ्या घडवल्या. तोल जाण्याचा आनुवंशिक आजार (अटॅक्सिया) असलेल्या नऊ कुटुंबांबद्दल त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१मध्ये ‘ब्रेन’मध्येच लिहिलं. या माणसांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन जात नव्हती, सावकाश सरकत होती. तेवढ्या एका खुणेवरून त्यांनी हा गट इतर अटॅक्सियांपासून वेगळा काढला. पुढे क्यूबातल्या होल्गिन प्रांतात असे असंख्य रुग्ण आढळले आणि १९९६मध्ये त्याचं जनुक सापडलं. त्या आजाराला आज एससीए२ म्हणतात. त्यावर विल्सनसारखं औषध नाही. तरीही त्या नऊ घरांना आपल्या आजाराला वेगळी ओळख देणारा डॉक्टर भेटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या नुसतं ‘आमच्या घरातलं दुखणं’ म्हणत आलेल्यांना याचं मोल विचारावं.

तांब्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा आणखी एक धडा आहे, आणि तो पुण्याचा आहे. एकेकाळी भारतात दोन-तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होई. त्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणत. तो विल्सन नव्हे, पण त्या मुलांच्या यकृतातही तांब्याचा प्रचंड साठा सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या स्वयंपाकघरांची चौकशी केली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं? कशात ठेवलं? उत्तर होतं पितळी भांडं, कल्हई नसलेलं. त्यातलं तांबं दुधात उतरत होतं. १९८३मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. घरोघरी स्टील आलं, लोकांना धोका कळला, आणि तो विकार पुढे जवळजवळ दिसेनासा झाला. बालरोगाच्या ओपीडीत बसून दुधाच्या पातेल्याबद्दल विचारणारे डॉक्टर हवेत, ते यासाठी.

विल्सनच्या औषधाची हकिगतही अशाच एका डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूवर उतारा म्हणून तयार केलेलं बीएएल हे औषध १९५१च्या सुमारास विल्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. तांबं बाहेर पडे, पण तेलातलं ते इंजेक्शन फार दुखे आणि काही काळानं सोसेनासं होई. जॉन वॉल्श हे तरुण इंग्रज डॉक्टर यकृताचा अभ्यास करत होते. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत त्यांना पेनिसिलामिन हा पदार्थ सापडला होता. पुढे बोस्टनमध्ये असताना बीएएल न सोसणारा विल्सनचा एक रुग्ण त्यांनी पाहिला, आणि हा पदार्थ तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेईल हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी स्वतः एक मात्रा घेतली, मग रुग्णाला दिली. १९५६मध्ये जगाला विल्सनवरचं पहिलं तोंडानं घ्यायचं औषध मिळालं. पेनिसिलामिन न सोसणाऱ्यांसाठी ट्रायएंटिनही त्यांनीच पुढे आणलं. केंब्रिजला त्यांनी विल्सनच्या रुग्णांची स्वतंत्र ओपीडी दशकानुदशकं चालवली. १९२० साली जन्मलेले वॉल्श २०२२मध्ये गेले. एका दुर्मीळ आजाराला एका डॉक्टरनं अख्खं आयुष्य द्यावं, हे भाग्य फार थोड्या आजारांच्या वाट्याला येतं.

औषध सुरू झालं की डॉक्टरचा शोध संपला असं घरच्यांना वाटतं, आणि इथेच नवी अडचण उभी राहते. पेनिसिलामिन सुरू केल्यावर काही रुग्णांचं कंपन, बोलणं आधी आणखी बिघडतं. काहींचं हे नुकसान पुरतं भरूनही येत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर मात्रा सावकाश वाढवतात, कधी झिंकचा आधार घेतात. हे कोणी आधी सांगितलं नसेल, तर ‘गोळ्यांनीच पोरगं बिघडलं’ म्हणून घरचे औषध थांबवतात. दुसरा धोका बरं वाटू लागल्यानंतरचा. कॉलेज सुरू झालं, हात थांबले, मग जेवणाच्या तासभर आधी उपाशीपोटी घ्यायची ही गोळी जाचक होते. औषध मधेच सोडून दिलेले रुग्ण काही वर्षांत दगावतात, असा इशारा वॉल्श यांनीच १९८६मध्ये दिला होता. मुलीचं लग्न ठरताना आजार लपवला, तर सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात. लपवलेल्या गोळ्या हळूहळू चुकायला लागतात. गरोदरपणातही हे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवावे लागतात, हे तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला ठाऊक असणं तेवढंच गरजेचं. यकृत, मेंदू, मन, डोळे आणि पुढे बाळंतपण, या सगळ्यांची एकच फाईल सांभाळणारा कोणीतरी हवा. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय विशेष केंद्र म्हणून नेमलेलं आहे. अशा ठिकाणी एका छपराखाली निरनिराळे विभाग असतात. ते एकमेकांशी बोलतात का, यावर मात्र रुग्णाचं नशीब ठरतं.

पथ्याचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करायचं, आणि निदान पहिलं वर्षभर शेंगदाण्याचं कूट, काजू, मशरूम, चॉकलेट, कलेजी, शिंपले आवरते घ्यायचे. आजी सकाळचं तांब्याच्या कळशीतलं पाणी आरोग्याचं मानत आली आहे, तिला हे पटवणं अवघड जातं. पण नुसत्या पथ्यानं हा आजार आवरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगावं लागतं.

आणि मग भावंडं. आई-वडील दोघंही निरोगी असतात, दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते, आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत अनेक घरांत मायेनं जपलेली आहे. पण दोघांचे पूर्वज एकच असले की एकाच दोषाच्या दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि हे कोणालाही दोष न देता समजावून सांगणं डॉक्टरचं काम आहे. मोठ्याचं निदान झालं त्या दिवशी धाकटी मैदानावर खेळत असते, तिला काहीही होत नसतं. तिला तपासायचं आणि आजार निघाला तर जन्मभराच्या गोळ्या सुरू करायच्या, हे ऐकून घर हादरतं. पण लक्षणं येण्याआधी उपचार सुरू झालेली आणि ते न सोडणारी मुलं बहुधा इतरांसारखंच आयुष्य जगतात. भावंडांसाठी रक्त, लघवी आणि स्लिट लॅम्प एवढं जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही करून घेता येतं. जनुकाची चाचणी करायची असेल, तर मोठ्याच्या अहवालात सापडलेला दोष प्रयोगशाळेला आधी कळवावा. मग त्यांना धाकट्यांच्या नमुन्यात नेमका तोच शोधायचा असतो आणि उत्तर लवकर मिळतं.