घराचा चेहरा

"ये किसका घर है बेटा?" अम्मीने चष्मा पुसत विचारलं.

माझ्या मोबाइलवर आमच्याच होऊ घातलेल्या घराचं चित्र होतं. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात माळवदाचं जुनं घर पाडून त्याच जागी दोन मजली घर बांधायचं, असं आम्ही भावांनी ठरवलं होतं. इंजिनियरने प्लॅनबरोबर 'एलिव्हेशन'ही पाठवलं होतं. काचेची गॅलरी, दर्शनी भागाला चौकटीवर चौकटी, समोर हिरवळ, नारळाची दोन झाडं आणि एक पांढरी गाडी. भिंतीवर सोनेरी ऊन. मुलं खूश होती. मीही खूश होतो. फक्त त्या चौकटींचा आणि काचेचा खर्च साडेतीन लाख निघत होता, आणि तेवढेच पैसे मी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी सिव्हिलचा डिप्लोमा करून आता घरूनच संगणकावर अशी एलिव्हेशनं बनवते. ते चित्र तिला दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला."

"मग हे ऊन कुठून आलं?"

मी गप्प. तिने स्केचअपमध्ये आमचं घर उभं केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचं ठिकाण, तारीख आणि वेळ दिली की सावली बरोबर तिथेच पडते. तिने डिसेंबर लावला, आमची दर्शनी भिंत दिवसभर सावलीत. मे महिना लावला, तेव्हा कुठे सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन आलं. त्या सोनेरी उन्हासाठी सूर्याला उत्तरेकडून जावं लागलं असतं!

त्या दिवशी दोन तास ती शिक्षिका होती आणि मी विद्यार्थी. एलिव्हेशन म्हणजे घराकडे अगदी सरळ, समोरून पाहणं. त्यात दूरची वस्तू लहान दिसत नाही, म्हणून मोजमाप खरं राहतं. पण त्यामुळेच चित्र सपाट दिसतं. पुढे आलेलं काय आणि मागे गेलेलं काय, हे सांगण्याचं काम सावली करते. पॅरिसच्या जुन्या कलाशाळेतले विद्यार्थी कागदावर पातळ रंगाचे हात देत, तेव्हाही सावली पंचेचाळीस अंशांत टाकायचे. कारण सोपं आहे: छज्जा दोन फूट बाहेर असेल तर त्याची सावलीही भिंतीवर बरोबर दोन फूट खाली उतरते. पाहणाऱ्याला प्लॅन न उघडता खोली कळते.

"पण ही कागदावरची रीत झाली," ती म्हणाली. "भिंतीवर खरं ऊन किती येणार, ते पाहायचं तर तारीख-वेळच लावायची."

मग रेषा. जवळच्या भागाची कड जाड, मागच्या भागाची बारीक. मग विटा. नऊ इंची वीट चित्रात नऊ इंचच दिसली पाहिजे. माप चुकलं तर भिंत पेट्या रचल्यासारखी दिसते. पहिल्या चित्रात दाराशेजारी माणूस उभा नव्हता. तिने एक माणूस उभा केला, तर गॅलरीचा कठडा त्याच्या मांडीपर्यंतच आला. घरात लहान मुलं आहेत, हे चित्र बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बेटा, हिरवळ काढलीस, गाडी काढलीस. विजेचा खांब मात्र टाकलास!"

ती हसली. "सर, खांब तिथे आहेच ना? आणि तुम्हीच सांगायचात, 'माझे घर' निबंधात गाईडमधली बाग लिहू नका."

मला तो वर्ग आठवला. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी पोरं दरवर्षी लिहायची, 'आमच्या घरासमोर सुंदर बाग आहे.' मी लाल शाईने खूण करून विचारायचो, खरंच आहे का? तीस वह्यांत एकच बाग. आणि आज माझ्याच घराच्या चित्रात तीच बाग उगवली होती. मला ती ओळखताही आली नाही.

आठ दिवसांनी तिने नवं चित्र पाठवलं. चौकटी गेल्या, काच गेली. गॅलरीला उंच कठडा आणि सिमेंटची जाळी आली. वारा येईल आणि अम्मीला रस्ता दिसेल, पण रस्त्यावरून आत काही दिसणार नाही. खाली ओटा. आणि जुन्या घराचं सागवानी दार, जे आम्ही भंगारात देणार होतो. तिने त्याचा सरळ समोरून फोटो काढला, फूटपट्टीने माप घेतलं आणि चित्रातल्या दारावर तोच लाकडाचा पोत चढवला. साखळीसुद्धा होती.

अम्मीला प्लॅन कळत नाही. 'बेड', 'किच', 'टॉय' असं लिहिलेल्या चौकोनांत तिने कधी घर पाहिलंच नाही. म्हणून घराबद्दल आजवर तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. या वेळी मी तिच्यासमोर काही न बोलता मोबाइल धरला.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग दारावर बोट ठेवलं, आणि तिथून ओट्यावर आणलं.

"मैं यहाँ बैठूँगी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढे, "ओटा जरा चौड़ा करने को बोल. पड़ोसवाली भी तो आएगी."

मी लगेच फोन लावला. ओटा सहा इंचांनी रुंद झाला. चित्रातही, आणि आता बांधकामातही.