नवें घर आणि जुन्या तबकड्या

झरी जामणीसारख्या आडगांवीं तेहतीस वर्षें मास्तरकी करून मी निवृत्त झालों, तेव्हां उरलेलें आयुष्यहि त्याच कवेलूंच्या घरांत काढावें असा माझा बेत होता. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणाचा मुलूख, भोंवतीं सागाचें रान, कपाशीचीं शेतें आणि कोलामांचे पोड. अशा ठिकाणीं एकदां मन रुजलें म्हणजे तें उपटून काढणें सोपें नसतें. परंतु माझ्या आईचें वय सत्त्याऐंशी. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं तिच्या छातींत कळ आली, आणि मोठ्या इस्पितळापर्यंतचा तो लांबचा रस्ता काटतांना आम्हां उभयतांच्या मनांत जें आलें, तें कोणींच बोलून दाखविलें नाहीं. दसऱ्यानंतर आम्हीं झरीचें बिऱ्हाड मोडलें आणि नागपुरांत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहूं लागलों.

पाटा-वरवंटा झरीलाच राहिला, तुळशीवृंदावन राहिलें, सागवानी झोपाळाहि राहिला. आल्या त्या मात्र तबकड्यांनीं भरलेल्या दोन लोखंडी पेट्या. "मसाला वाटायचा पाटा जड झाला, आणि या पेट्या हलक्या काय?" असा सवाल आमच्या घरांतून झाला. त्याला माझ्यापाशीं अजूनहि उत्तर नाहीं.

त्या तबकड्या वडिलांच्या. ते पोस्टांत होते. रेडिओचा परवाना ज्या काळीं पोस्टांत दरवर्षीं पैसे भरून नवा करावा लागे, त्या काळीं दुसऱ्यांच्या परवान्यांवर शिक्के मारण्यापूर्वीं ते स्वतःचे पैसे भरीत. पान नाहीं, तपकीर नाहीं. हौस म्हणून एकच, आणि ती गाण्याची. बालगंधर्वांचीं पदें, अब्दुल करीमखांसाहेब, हिराबाई बडोदेकर. प्रत्येक तबकडी कागदी पाकिटांत, आणि पाकिटावर वळणदार अक्षरांत खरेदीची तारीख. या काळ्या तबकड्या लाखेच्या असत, हें हल्लींच्या मुलांना सांगितलें तर खरें वाटत नाहीं. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक चिमुकला किडा लाख करतो. ती शुद्ध करून तींत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळीत व तापलेल्या सांच्यांत दाबून तबकडी काढीत. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें उतरवून नेलें, तेव्हांहि तबकडी लाखेचीच होती. आणि १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें संथ फिरणारी प्लॅस्टिकची लांब तबकडी काढली, तोंपर्यंत राज्य मुख्यतः लाखेचेंच होतें. ती लाख बहुतांशीं आपल्या देशांतून जाई. फाल्गुनांत झरीच्या रानांत पळस पेटल्यासारखा फुलला कीं, परदेशच्या कोणा गवयाचा गळा या झाडाच्या रसांत उतरला असेल, असें मला उगीचच वाटे.

झरीच्या घरीं गाणें ओटीवर चाले. मातीच्या भिंती, शेणानें सारवलेली जमीन, वर कवेलू. सूर उमटला कीं थोडा भिंतींत मुरे, थोडा कवेलूंच्या फटींतून आभाळांत जाई, आणि उरे तेवढाच कानांशीं येई. शेजारपाजारचीं माणसें पायरीवर टेकत. बाजाराहून परतणारा एखादा कोलाम म्हातारा उभ्याउभ्याच एक तबकडी ऐके आणि आपल्या भाषेंत कांहीं तरी बोलून वाटेस लागे. तें बोलणें स्तुतीचें असे कीं निंदेचें, हें मला तेहतीस वर्षांत कळलें नाहीं. आई मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐके. वडील वारल्यावर मात्र तिनें गाणें मागणें सोडलें. हळूहळू बोलणेंहि कमी झालें. विचारलें तर "हो" म्हणे, मान डोलवी आणि जपमाळ ओढी. आम्हीं त्याला वैराग्य म्हणालों, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांजवळ त्या वैराग्याचें कौतुकहि केलें.

नागपुरास आल्यावर तर ती अधिकच गप्प झाली. "मला झरीला नेऊन सोड," एवढें एक वाक्य दोनतीन वेळां बोलली. घरांत गाणें लागलें तर तिचें मन रमेल, या आशेनें मीं सीताबर्डीवरून नवा अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याहि वाजवील असें एक फिरतें यंत्र आणलें. लाखेच्या तबकडीचा चर आजच्या तबकडीच्या चराहून तिप्पट रुंद असतो, म्हणून तिच्याकरितां जाड टोंकाचा वेगळा हिरा लागतो, तोहि मागविला. पेन्शनीचा किती भाग या प्रकरणांत गेला, तें येथें लिहीत नाहीं, कारण हें मासिक आमच्या घरांत वाचलें जातें.

दिवाणखान्याच्या मध्यभागीं उभा राहून मीं प्रथम एक टाळी वाजविली. गुळगुळीत फरशी, सिमेंटाच्या भिंती, एका बाजूला सबंध कांच, त्या टाळीला घरानें असें खणखणीत उत्तर दिलें कीं, आंतून "काय पडलें?" म्हणून विचारणा झाली. त्यांतून पहिल्या दिवशीं यंत्राची तार मीं भलत्याच भोंकांत खुपसली. तबकडी कोरतांना खर्जाचे सूर मुद्दाम बारीक ठेवतात, नाहींतर एका फेरीचा चर दुसऱ्या फेरीच्या चरांत शिरेल. वाजवितांना ते पुन्हां भरून घ्यावे लागतात, आणि तें काम 'फोनो' असें लिहिलेल्या भोंकामागें होतें. दुसऱ्या भोंकांतून करीमखांसाहेब मुंगीच्या गळ्यानें गाऊं लागले. ती चूक सुधारली तों एक अखंड गुणगुण सुरू झाली. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्यांचाच तो आवाज. यंत्राची एक बारीक तार अॅम्प्लिफायरच्या पाठीवरील स्क्रूला बांधावयाची राहिली होती. ती बांधतांच गुणगुण थांबली. इतकी साधी गोष्ट समजावयास मला अडीच दिवस लागले.

उरला घुमारा. त्यावरचा इलाज मला वालेस सॅबाइन यांच्या हकीकतींत सांपडला. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठांत एक नवें व्याख्यानगृह बांधलें गेलें, आणि त्यांत वक्त्याचा एकेक शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळे. पुढचा शब्द मागच्यावर चढे आणि कोणाला कांहीं समजेना. सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे तें काम आलें. रात्रीं शहर निजलें म्हणजे शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या उचलून तो या दालनांत आणी, एक पिपाणी वाजवी, आणि तिचा आवाज विरावयास किती वेळ लागतो तें घड्याळानें मोजी. उजाडण्यापूर्वीं गाद्या परत जागच्या जागीं! त्या हमालींतून पुढें एक सूत्र निघालें, तें नाट्यगृहें बांधणारे आजहि वापरतात. माझ्यापाशीं नाट्यगृह नव्हतें, पण झरीहून आलेल्या गोधड्या होत्या. एक भिंतीवर टांगली, एक सतरंजी फरशीवर पसरली, समोरच्या भिंतीला पुस्तकांचें कपाट आलें, कांचेवर जाड पडदा आला. टाळीचें उत्तर बरेंच मवाळ झालें. गोधडी पाहून पाहुणे हंसतात, पण ती आईच्या लुगड्यांची आहे, त्यामुळें तिला काढा म्हणण्याची छाती कोणाची नाहीं.

स्पीकर मांडण्याची रीत अशी कीं, ते दोन आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि त्यांतून बारीक सूर जेथून निघतात तो भाग कानाच्या उंचीवर यावा. त्रिकोणाच्या टोंकाशीं मीं आईची खुर्ची ठेवली. वास्तविक या तबकड्या एकपदरी. दोन पदरांनीं ध्वनि उतरविण्याची युक्ति इंग्लंडांत ॲलन ब्लुमलाइन यानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडली, पण बाजारांत तशा तबकड्या यावयास आणखी पंचवीसेक वर्षें गेलीं. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज निघाला म्हणजे तो दोहोंच्या मधोमध, रिकाम्या जागेंतून आल्यासारखा वाटतो. गाणारी बाई जणूं कपाटापुढें उभी आहे. मला त्या भासाचें फार अप्रूप वाटलें.

मोठ्या समारंभानें मीं हिराबाईंची तबकडी लावली. आईनें ती अर्धी ऐकली, आणि म्हणाली, "हल्लीं हिराबाईसुद्धां शब्द गिळायला लागली रे!"

मला राग आला, आणि तो यंत्रावर काढला. हिरा पुसला, तारा पालटल्या, स्पीकर पुढेंमागें सरकविले. शेवटीं आवाज वाढविला. उद्यां आणखी, परवां आणखी. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास दसपट शक्ति खर्चावी लागते, हें मला ठाऊक होतें. पण आई मान डोलावून "हो, छान आहे" म्हणेना, तोंवर माझा हात थांबेना. चौथ्या दिवशीं खालच्या मजल्यावरील गृहस्थ आले. मुलाची बारावी होती. रात्रीं दहानंतर वस्तींत किती आवाज चालतो याबद्दल २००० सालचे सरकारी नियम आहेत, ते त्यांनीं सांगितले असते तरी चाललें असतें, परंतु ते सौजन्यानें एवढेंच म्हणाले, "काका, गाणें ऐकूं आलें असतें तर तक्रार नव्हती हो. आमच्याकडे गाणें येतच नाहीं, नुसतें धम् धम् येतें. शब्द एक नाहीं."

स्पीकर मीं कोपऱ्यांतून काढले, कारण कोपऱ्यांत खर्ज फुगतो; खालीं रबराचे तुकडे ठेवले. ते करीत असतांना आमच्या सौभाग्यवती दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तबकडी तीच आहे ना? साठ वर्षांपूर्वींचीच? मग हिराबाई आतां शब्द कशी गिळेल?" आणि थोडें थांबून, "खालच्यांना जसें ऐकूं येतें, तसेंच आईंना येत असेल का?"

मी तसाच फरशीवर बसून राहिलों. सिमेंटाचा स्लॅब बारीक सूर अडवितो आणि जाड तेवढे खालीं सोडतो. वय कानांत नेमकें तेंच करतें. कानाच्या डॉक्टरांनीं आईला बंद खोलींत बसवून एकेक सूर ऐकविला आणि कागदावर रेघ काढून दाखविली: डावीकडे, २५० कंपनांपाशीं, ती बरीच वर होती, २००० च्या पुढें कड्यावरून कोसळावी तशी उतरली होती. आंतल्या कानाच्या शंखांत उंच सूर टिपणाऱ्या पेशी अगदीं प्रवेशद्वाराशीं असतात. त्या आधीं जातात, आणि माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टींतले व दणकट. स, श, फ, थ या व्यंजनांचा खरा जीव वरच्या पट्टींत आणि तोहि दुबळा. म्हणजे माणूस बोलतो आहे हें आईला कळत होतें. काय बोलतो तें कळत नव्हतें. आवाज मोठा केल्यानें आ आणि ओ तेवढे मोठे झाले. "हें किती वर्षांचें असेल?" असें मीं विचारलें. "दहा वर्षें तरी," डॉक्टर म्हणाले. वडिलांना जाऊन अकरा झालीं होतीं.

माझ्या वर्गांत ज्या मुलाला कमी ऐकूं येई, त्याला मी पहिल्या बांकावर बसवीत असें. या गोष्टीचा मला अभिमान होता.

दोन्ही कानांना श्रवणयंत्रें आलीं. पहिले आठ दिवस आई वैतागलेली होती. वर्तमानपत्राचें पान उलटलें तरी तिला पत्रा वाजल्यासारखें होई, आणि भांड्यांच्या आवाजावरून सुनेला दोनदां बोलणीं बसलीं. सुनेनें तीं आनंदानें ऐकून घेतलीं. नवव्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं ती आपण होऊन खुर्चींत येऊन बसली. "काय करून राह्यला रे? लाव कांहीं," म्हणाली.

मीं तीच तबकडी लावली. हिरा टेकतांच नेहमींची खरखर सुरू झाली. आईनें स्वयंपाकघराकडे वळून पाहिलें. "अग, कढईंत तेल तापलें कीं काय?" मीं तबकडीकडे बोट केलें. ती कान देऊन ऐकूं लागली. तबकडीच्या मध्यावर एक ओरखडा आहे. तेथें प्रत्येक फेरीला टक्, टक् असा आवाज होतो. तो आला तशी ती सरळ बसली.

"हा तुझा," ती म्हणाली. "चार वर्षांचा होतास. पिन हातांत घेऊन ओढलीस. मार खाशील म्हणून मीं सांगितलें, माझ्याच हातून झालें. दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत ते."

गाणें चालूं होतें. मला ही गोष्ट कोणीं कधींच सांगितली नव्हती.

"आणि जरा हळू कर तें," आई म्हणाली, "खालच्या पोराची परीक्षा आहे ना?"