पटावरील जमीनदारी

सारीपाट काय किंवा बुद्धिबळें काय, आपल्याकडील जुन्या खेळांचे नियम कोणी केले हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वडील माणसें ज्या रीतीनें खेळत आलीं त्याच रीतीनें मुलें खेळतात. जमीन, घरें व भाडें यांच्या उलाढालीचा जो एक खेळ आतां घरोघर दिसतो त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. कोणी त्यास 'व्यापार' म्हणतात, कोणी 'बिझिनेस'. ज्या परकी खेळाच्या धर्तीवर हे पट निघाले त्याचें नांव 'मोनॉपली', म्हणजे मक्तेदारी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा पट असेल त्यांनीं पेटींतील छापील नियम एकदां वाचून पाहावे. आपण खेळतों तो खेळ हा नव्हे, असें पुष्कळांस आढळून येईल.

आमच्या वसतिगृहांत लंडन शहराच्या रस्त्यांचा पट आहे. पावसाळ्यांत मैदान चिखलानें भरलें म्हणजे शनिवारीं सायंकाळीं मुलें तो मांडतात आणि मी जवळच वह्या तपाशीत बसतों. पटावर ४० चौकटी आहेत. प्रत्येक खेळाडूस आरंभीं १५०० पौंड मिळतात व एक फेरी पुरी केली कीं पेढी त्यास २०० पौंड पगार देते. ओल्ड केंट रोडची जमीन ६० पौंडांस मिळते, मेफेअरची ४०० पौंडांस. मेफेअरवर हॉटेल उभें राहिलें म्हणजे तेथें येऊन पडणाऱ्या अभाग्यास २००० पौंड मोजावे लागतात. म्हणजे जन्मतः हातीं आलेल्या भांडवलाहूनहि अधिक!

हा सगळा दैवाचा खेळ आहे असें कोणी समजूं नये. नववींतील एक विद्यार्थी नेहमीं नारिंगी रंगाचे तीन रस्ते मिळविण्यासाठीं धडपडे. कारण विचारतां त्यानें हिशेब मांडला. खेळाडू वारंवार तुरुंगांत जातात. तुरुंगापासून हे रस्ते सहाव्या, आठव्या व नवव्या चौकटीवर आहेत. आणि दोन फाशांच्या ३६ प्रकारांपैकीं १४ प्रकारांनीं ह्याच तीन संख्या पडतात. इतकें गणित त्यानें परीक्षेंत केलें असतें तर!

मुलांनीं नियमांत पहिला बदल केला तो दयाबुद्धीनें. दंडाचे व करांचे पैसे पेढींत न टाकतां पटाच्या मध्यभागीं ठेवावयाचे आणि 'फ्री पार्किंग' ह्या चौकटीवर जो येईल त्यानें ते उचलावयाचे, असें ठरलें. छापील नियमांत असें कांहीं नाहीं. फळ काय झालें? खेळ संपेनासाच झाला. ही देणगी गरीब पाहून पडत नाहीं. फासे पाहून पडते. ज्याच्यापाशीं मेफेअर होतें त्यालाहि ती मिळे, आणि बुडणारा बुडण्याऐवजीं तासभर गटांगळ्या खात राही. पुढें त्यांनीं छापील नियमांतील लिलाव पुन्हां सुरू केला : एखाद्यानें जमीन घेण्याचें नाकारलें तर पेढीनें तिचा तेथल्या तेथें लिलाव करावा. त्यानें जमिनी भराभर वांटल्या गेल्या, खेळ दीड तासांत आटपूं लागला, आणि सहावींतील एक लहान मुलगा दर वेळीं सर्वांच्या आधीं बाहेर पडूं लागला.

त्या मुलाचे वडील दुसऱ्याचें शेत अर्धेलीनें करतात. एका शनिवारीं हरल्यावर तो माझ्यापाशीं येऊन म्हणाला, "सर, ज्यानें आधीं जमीन घेतली त्याचेंच शेवटपर्यंत चालावयाचें, तर बाकीच्यांनीं फासे टाकावयाचे कशाला?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. मीं मुलांना जवळ बसवून ह्या खेळाचा जन्म कसा झाला तें सांगितलें. अमेरिकेंत एलिझाबेथ मॅगी नांवाची, लघुलेखनावर पोट भरणारी एक बाई होती. हेन्री जॉर्ज यांचा १८७९ सालीं प्रसिद्ध झालेला 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ तिच्या मनावर ठसला होता. गांव वाढतें, रस्ते होतात, लोक येतात, म्हणून जमिनीचें मोल चढतें; तें सर्वांनीं मिळून चढविलें असल्यामुळें कराच्या रूपानें सर्वांकडे परत यावें, असें जॉर्ज यांचें म्हणणें. हें लोकांस समजावें म्हणून मॅगीनें 'जमीनदाराचा खेळ' रचला व १९०४ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें तिनें एकाच पटावर दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारांत भाडें मालकाच्या खिशांत जाई व अखेर एकजण सर्वांना गिळी. दुसऱ्यांत जमिनीचें भाडें सार्वजनिक तिजोरींत पडे, आणि सर्वांत थोड्या पैशांनीं आरंभ करणाऱ्याचें धन दुप्पट झालें म्हणजे सर्वच जिंकले असें मानीत. पट तोच, फासे तेच.

पुढें हा खेळ हातोहात पसरला. अटलांटिक सिटी येथील क्वेकर पंथीयांनीं त्यावर आपल्या गांवचे रस्ते घातले. चार्लस डॅरो ह्या गृहस्थांनीं तोच पट उतरून घेऊन स्वतःचा शोध म्हणून विकला, आणि १९३५ सालीं पार्कर ब्रदर्स कंपनीनें तो बाजारांत आणला. मॅगीबाईंच्या पेटंटाबद्दल कंपनीनें ५०० डॉलर दिले. तेथील 'मार्व्हन गार्डन्स' हें नांव एका मित्रानें पटावर चुकून 'मार्व्हिन' असें लिहिलें होतें. डॅरो यांच्या पटावरहि 'मार्व्हिन'च उतरलें. शेजाऱ्याची वही पाहून उत्तर लिहिणारे शिक्षकास कसे सांपडतात हें माझ्या वर्गास ठाऊक असल्यामुळें येथें पुष्कळ हंशा पिकला. दुसऱ्या प्रकारचे नियम मात्र ह्या प्रवासांत गळून पडले.

तेव्हां ते आपणच करूं, असें मुलांनीं मनावर घेतलें. मीं एकच अट घातली : नियम बदलणें तो फासे हातीं घेण्यापूर्वीं बदलावा व वहींत लिहावा. डाव अर्धा झाल्यावर प्रत्येकास आपल्या सोयीचाच नियम न्याय्य वाटतो. पहिला नियम असा ठरला कीं, मोकळ्या जमिनीचें भाडें सार्वजनिक पेटींत पडावें, इमारतीमुळें वाढलेलें भाडें मालकानें घ्यावें, आणि पेटींतील पैसा दर फेरीअखेर सर्वांस सारखा वांटावा. परंतु मोकळ्या मेफेअरचें भाडें ५० पौंड. हॉटेल झाल्यावर पेटींत ५० आणि मालकास १९५० मिळूं लागले. लहानगा पुन्हां सर्वांच्या आधीं बुडाला.

मग तोच म्हणाला, "भाडें हॉटेलामुळें वाढलें कीं मेफेअरमुळें? ओल्ड केंट रोडवरहि हॉटेलच आहे. तेथें २५० च मिळतात." नववीच्या गणित्यानें लगेच अडविलें, "मेफेअरवर बांधावयास हजार लागतात, तिकडे अडीचशेंत होतें." क्षणभर सर्व गप्प झाले. लहानग्यानें बोटांवर हिशेब केला. "मग हजारांचे दोन हजार झाले, आणि अडीचशांचे अडीचशेंच राहिले. वरचे हजार कोणाचे?" गणित्याचें उत्तर असें कीं, वरचें सगळेंच पेटींत गेलें तर मेफेअरला ४०० पौंड कोण देईल, आणि हॉटेल तरी कोण बांधील? हें उत्तरहि खोटें नव्हे.

त्या हजारांतील किती मालकाचे व किती पेटीचे ह्यावर दोन शनिवार वाद चालला आहे. कोणी अर्धे म्हणतात, कोणी चौथाई. नियमांची वही आतां सहावींतील त्या मुलाकडे असते, व तिच्यांतील दुसऱ्या नियमांत आंकड्याची जागा अजून कोरी आहे.