रुमालाखाली

संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, एक मुलगी मेथी निवडत होती. मांडीवर वर्तमानपत्र, शेजारी पिशवी, कानात इअरफोन. बोटं भराभर पानं खुडत होती आणि तोंड म्हणत होतं, ‘‘हो सर, टीमशी अलाइन होऊन मी सर्कल बॅक करते.’’ काडी कागदावर, पान पिशवीत. हाताचं काम इतकं स्वच्छ असलेल्या मुलीला दिवसभर असं बोलावं लागतं, याचंच मला वाईट वाटलं.

आमच्याही ऑफिसात कुणाला वेळ नसतो असं नाही, बँडविड्थ नसते. माणसं रिसोर्स असतात. दोघांना घरी बसवलं, त्या दिवशीच्या मेलमध्ये ‘राइटसायझिंग’ होतं. कुणी काढलं, कुणाला काढलं, पत्ता नाही. जणू पाऊस पडावा तसं ते आपोआप झालं होतं.

मामाच्या आंब्यांचा भावही असाच ठरायचा. देवगडहून रात्रीच्या ट्रकनं पेट्या यायच्या, आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि १९९६ साली फळबाजार हलल्यावर वाशीला. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेत, वर रुमाल पडे आणि आत बोटं बोलू लागत. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. शेकड्यातलं चाललंय की हजारातलं, ते दोघांना ठाऊक. चेहरे मात्र देवळातल्यासारखे निर्विकार. ज्याचे आंबे, तो मामा हातभर अंतरावर उभा.

‘‘काय फुटला, शेठ?’’

‘‘पट्टीत बघा की, तात्या.’’

पट्टी यायची ती भाडं, हमाली, अडत वजा होऊनच. लिलाव उघड व्हावा, असं बाजार समितीचे नियम सांगत राहिले. रुमाल आपला खांद्यावरून हातावर येत राहिला. मामा पट्टी दोनदा वाचायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शेठकडे माल पाठवायचा. आगाऊ उचल घेतलेली असायची ना.

त्या रुमालाचा मला अजून राग आहे. पण तो उचलला असता, तर खाली बोटं सापडली असती आणि बोटांत एक पक्का आकडा. ‘स्ट्रॅटेजिक रिअलाइनमेंट’ उचलून पाहावं, तर खाली दुसरा रुमाल.

मामा हापूस विकायचा आणि घरी पायरी खायचा. मला ते पटतं. हापूस कापून खावा, रस पायरीचाच करावा. तिच्यात जरा आंबटपणा असतो म्हणूनच. रसात दूध घालणाऱ्या घरांत मी जेवते, पण वाटी पुन्हा पुढे करत नाही. चिमूटभर सुंठ, वर तुपाची धार, आणि पोळी घडीची हवी.