राम मोहन यांची रेषा

प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा आणि सत्यजित राय यांनी तिच्यावर १९७७ साली केलेला चित्रपट मी जालन्यातल्या माझ्या वर्गात गेली काही वर्षे जोडीने शिकवतो आहे. चित्रपटात एक चित्रांकित तुकडा येतो. लॉर्ड डलहौसी संस्थानांची चेरीफळे एकेक करून तोंडात टाकतो आणि अवधचे फळ तेवढे उरते. प्रेमचंदांच्या कथेत हे नाही. कथेतली राजकीय पार्श्वभूमी रायना काही मिनिटांत उभी करायची होती आणि इतिहासाचे व्याख्यान टाळायचे होते. म्हणून त्यांनी व्यंगचित्राची भाषा उचलली. सातारा (१८४८) आणि नागपूर (१८५४) ही राज्ये याच डलहौसीने खालसा केली, हे सांगितले की मराठी मुलांचे हसू जरा थांबते.

हा तुकडा कोणाचा, असे विचारले की वर्ग एका सुरात 'राय' असे उत्तर देतो. समीक्षेतही बहुधा हेच उत्तर मिळते. चित्रांना हलते करणारा हात राम मोहन यांचा होता.

१९३१ साली जन्मलेले राम मोहन रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. १९५६ मध्ये ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले. अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेखाली क्लेअर वीक्स तेथे त्याच वर्षी आले होते. वीक्स हे भारतातच जन्मलेले, मिशनरी घरातले गृहस्थ. डिस्नेच्या सुवर्णकाळात त्यांनी 'बांबी'वर काम केले होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींचा पहिला चित्रपट 'द बॅनियन डीअर' (१९५७). कथा जातकातली आहे. गरोदर हरिणीची पाळी येते, तिच्या कळपाचा मुख्य तिला सूट देत नाही, आणि दुसऱ्या कळपाचा राजा न्यग्रोधमृग तिच्याऐवजी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. बांबीच्या शाळेत शिकलेला हात पहिल्याच वेळी पुन्हा हरणापाशीच आला, हा योगायोग मला फार मोहक वाटतो. जातककथा रंगवणारे अजिंठा आमच्यापासून दूर नाही. १ मे १९८१ पर्यंत तर जालना त्याच औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. अर्थात भिंतीवरच्या चित्रकाराचेही नाव आपल्याला कुठे ठाऊक आहे!

ही अनामिकता कामाच्या स्वरूपातच आहे. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चौकटी लागतात. एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवले, तरी बारा चित्रे उरतातच. एवढे काम अनेक हातांनीच होते, आणि सर्वांची रेघ एकसारखी दिसावी म्हणून प्रत्येकाला आपली खासगी लकब पुसावी लागते. आपण साहित्यात शैलीला लेखकाची सही मानतो. येथे सही पुसणे हेच कौशल्य. मग कर्तृत्व कोठे शोधायचे? माझ्या मते वेळेत. पात्र वळण्याआधी क्षणभर थांबते, फळ उचलताना बोटे किंचित रेंगाळतात. हा थांबा कोणीतरी ठरवलेला असतो. राय यांच्या संहितेत फळ असेल, पण ते गिळायला किती चौकटी घ्यायच्या, हा निर्णय चित्रकाराचा.

राम मोहन १९६८ मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. 'यू सेड इट' (१९७२) आणि 'फायर गेम्स' (१९८३) यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. युगो साको यांच्यासोबत त्यांनी जपानी निर्मितीचा रामायणपट (१९९२) दिग्दर्शित केला. तो जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा आला. तेव्हा राम मोहन नव्हते. २०१४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या माणसाचे ११ ऑक्टोबर २०१९ रोजी निधन झाले.

या साऱ्यात मला सर्वाधिक मोलाची वाटते ती मीना. युनिसेफसाठी १९९० च्या दशकात घडवलेली ही मुलगी दक्षिण आशियातल्या कोणत्याही खेड्यातली वाटावी, असे तिचे रूप योजले होते. प्रचारपटाला कलाकृती म्हणावे की नाही, यावर आपण वाद घालू शकतो. मी घालणार नाही. मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून तिचा मिठू पोपट वर्गात डोकावून अंक शिकतो आणि तिला शिकवतो. ऊसतोडीसाठी घर हलले की आमच्या भागातल्या मुलींची शाळा सुटते. मीनाचा तो भाग मी वर्गात लावला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर न करता विचारले, "सर, हिचा पोपट खरा असता तर?"