दोन पाळ्यांचा हिशोब

एप्रिलच्या शेवटी माझ्या वर्गात मुलांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त येतात. रोलिंग मिलची पाळी संपवून, डब्याची पिशवी खांद्याला, स्पाँज आयर्नची काळी धूळ अजून भुवयांवर. खिशातून मोबाइल काढून जेईई मेनचा निकाल दाखवतात आणि विचारतात, "सर, पोरीला नव्वद पडले. आता एनआयटी पक्की नं?"

छत्तीसगडात रायपूरजवळच्या उरल्यात मी बावीस वर्षं अकरावी-बारावीचं गणित शिकवतोय, आणि या प्रश्नाचं उत्तर देणं मला अजून जड जातं. ते नव्वद टक्के नसतात, नव्वद पर्सेंटाइल असतात. दहावीचे नव्वद टक्के म्हणजे शंभरातले नव्वद गुण. ते पोरीचे स्वतःचे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरात नव्वद जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत. उरलेले दहा पुढे. २०२४ साली जेईई मेनला चौदा लाखांवर मुलं बसली होती, म्हणजे ते दहा टक्के सुमारे एक लाख चाळीस हजार झाले. त्या वर्षी खुल्या गटात आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डला बसायची रेघ ९३.२३६२१८१ वर पडली. सात दशांश स्थळं पाहून लोक हसतात. पण दुसऱ्या दशांश स्थळावरचा एक आकडा हलला तरी एकशेचाळीस मुलं मागेपुढे होतात, मग पुढची स्थळं लागणारच.

मी बारावीला होतो तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्य झालेलं नव्हतं. भोपाळच्या व्यापमची, म्हणजे व्यावसायिक परीक्षा मंडळाची, पीईटी ही इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा साऱ्या मध्य प्रदेशाला एकच असे. गुण म्हणजे गुण. आता जेईई मेन कितीतरी दिवस, रोज दोन पाळ्यांत चालते आणि प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी. म्हणून २०१९पासून आधी पर्सेंटाइल त्या-त्या पाळीपुरता काढतात आणि मग सगळ्या पाळ्या एकत्र करतात. अवघड पाळीतले १८० गुण सोप्या पाळीतल्या १९५ गुणांच्या वर जाऊ शकतात. शिकलेल्या पालकांना हे अन्यायाचं वाटतं. उरल्यातल्या बापाला समजवायला मला दोन मिनिटं पुरतात. रात्रपाळीत तासभर वीज गेली तर त्या पाळीचं उत्पादन दिवसपाळीशी कोणी टनाला टन लावून मोजत नाही. त्या रात्री कोणाच्या हातून किती काम निघालं, हे त्याच रात्रीच्या माणसांत बघतात. एक भाऊ म्हणाले होते, "मग हे तर बरोबरच आहे, सर." मलाही ते बरोबरच वाटतं.

मेडिकलच्या नीटचं तसं नाही. ती एकाच दिवशी, एकाच पाळीत, कागदावर होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, एकूण ७२०. २०२४च्या निकालात काही मुलांच्या नावापुढे ७१८ आणि ७१९ दिसले, तेव्हा मी फळ्यावर हिशोब मांडला होता. सगळं बरोबर आलं तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधला आकडा येणारच कुठून? वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले होते, तिथून ते आकडे आले होते. त्यांची काही केंद्रं आमच्याच राज्यात, बालोद आणि दंतेवाड्याला होती. पुढे ते गुण काढून घेतले आणि २३ जूनला फेरपरीक्षा झाली. १,५६३ पैकी ८१३ जणच आले. साध्या वजाबाकीने एवढी मोठी गोष्ट पकडता येते, हे पाहून त्या दिवशी मुलांचे डोळे मोठे झाले होते. मला तो तास विसरता येत नाही.

वजा गुणांची भीती मात्र मुलांच्या मनातून जाता जात नाही. हिशोब असा: चारपैकी एका पर्यायावर डोळे मिटून बोट ठेवलं, तर चारातून एकदा चार मिळतात आणि तीनदा एकेक जातो, म्हणजे सरासरी पाव गुण पदरात पडतो. पण असे दहा प्रश्न ठोकले तर एकूण बेरीज वजा निघण्याची शक्यता जवळजवळ चारात एक आहे. एक पर्याय खात्रीने खोडता आला की तीच सरासरी दोन तृतीयांश होते. म्हणून माझा आग्रह खोडण्यावर असतो. काय चूक आहे हे ज्याला सांगता येतं, त्याने तो धडा अर्धा तरी वाचलेला असतो.

आमच्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते. इथली मुलं घरी गुणोत्तर म्हणतात, शाळेत अनुपात आणि परीक्षेत रेशो. मूळ संख्या म्हटलं की एखादं पोर बावरतं, कारण त्याच्या पुस्तकात ती अभाज्य असते. भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात, म्हणून अकरावीपासून तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायला लावतो.

गेल्या रविवारी एक वहिनी आल्या होत्या. मुलगी अकरावीत, तिला बारावीला नागपूरला मामाकडे ठेवायचा विचार आहे, तिथे क्लास चांगले म्हणून. एनआयटी ज्या राज्यात असते, तिच्या निम्म्या जागा त्याच राज्यातून बारावी झालेल्यांना असतात, हे त्यांच्या कानावर नव्हतं. इथे बारावी केली तर रायपूरच्या एनआयटीत मुलगी घरची. नागपुरात केली तर तिथल्या व्हीएनआयटीत घरची आणि इथे बाहेरची. आईवडील कुठे राहतात याचा इथे संबंध येत नाही. दोन्हीकडच्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या रँका, घरच्यांच्या आणि बाहेरच्यांच्या, मी त्यांना वहीच्या पानावर उतरवून दिल्या. पान घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवलं. मुलीच्या वडिलांची या आठवड्यात रात्रपाळी आहे, त्यामुळे बोलणं सकाळी चहाच्या वेळी होईल म्हणाल्या.